वायपरच्या दोन मोटरी आणि ओम्नीचा क्रॉस

टेबलाला स्टिअरिंग आणि पेडल लावून स्क्रीनवर गाडी चालवणाऱ्याचा सगळ्यात आधी चुकतो तो ब्रेक. आपण किती दाबला हे पायाला कळतं, पण गाडीने किती ऐकलं हे कळत नाही. खऱ्या गाडीत ते अंगाला कळतं. ब्रेक लागला की छाती पुढे जाते, पट्टा आवळतो. मातीच्या वळणावर मागची चाकं सुटू लागली की डोळ्यांच्या आधी कमरेला खबर लागते. घरातल्या खुर्चीत कंबर मुकी असते. तिला बोलतं करायचं म्हणून मी हलणारी सीट बांधायला घेतली, आणि ती जवळजवळ सगळी भंगारातल्या गाड्यांच्या सुट्या भागांतून उभी राहिली.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय आणि भोसरी एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघते. रॅलीची ओढ कॉलेजात असतानाची, नाशिकला ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ बघायला गेले होते तेव्हापासूनची. धुरळ्यातून आडवी येणारी गाडी, आणि आत बसलेल्याचे हात मात्र शांत. त्या शांतपणाचं मूळ सीटमध्ये आहे असं मला तेव्हापासून वाटतं. तयार मोशन प्लॅटफॉर्म बाजारात मिळतात, पण चांगल्याची किंमत लाखांत जाते. शिवाय मला तो विकत घ्यायचाही नव्हता. आतलं सगळं हाताखालून जावं असं वाटत होतं.

खुर्ची जागच्या जागी कलते, तरी माणसाला गाडी पळतेय असं का वाटतं? आपल्या अंतर्कर्णात दोन निरनिराळ्या व्यवस्था आहेत. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं फिरल्याचं सांगतात. शिवाय एका चिकट पापुद्र्यावर बसलेले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण आहेत, त्यांना ऑटोलिथ म्हणतात. वेग वाढला तरी ते मागे सरकतात आणि डोकं मागे कललं तरी मागेच सरकतात. दोन्हींतलं काय झालं हे नुसत्या कणांवरून मेंदूला ठरवता येत नाही, तो डोळ्यांना विचारतो. डोळ्यांसमोर रस्ता भरधाव येत असेल तर मेंदू म्हणतो, वेग वाढला. गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांत आतल्या माणसाला फरक करता येत नाही, हा आइन्स्टाइनने १९०७ मध्ये मांडलेला विचार इथे थेट सीटखाली कामाला येतो.

याला मर्यादा आहे आणि ती आधीच समजून घेतलेली बरी. सीट १० अंश कलली तर अंगावर येणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १७ टक्के. कोरड्या डांबरावर करकचून ब्रेक मारला तर साधी गाडीही ८० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे घरची सीट कधीच पूर्ण जोर देणार नाही. ती प्रमाण लहान करून सांगते. पण योग्य क्षणी, योग्य दिशेने सांगितलं तर उरलेलं मेंदू भरून काढतो. योग्य क्षण आणि योग्य दिशा, पुढची सगळी मेहनत या दोनच गोष्टींसाठी होती.

भंगारातून सिम्युलेटर ही कल्पना नवी नाही, आणि याचा मला फार आधार वाटला. १९२९ मध्ये अमेरिकेत बिंगहॅम्टनला एडविन लिंकने वैमानिकांना शिकवायचं पहिलं नावाजलेलं यंत्र बांधलं. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. विमान कलवायला त्याने ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरले. सुरुवातीला ते यंत्र जत्रेतल्या करमणुकीसाठी गेलं. १९३४ मध्ये टपाल नेणाऱ्या विमानांचे अपघात होऊ लागले तेव्हा अमेरिकी सैन्याने अशी सहा यंत्रं घेतली. आज मोठ्या सिम्युलेटरखाली दिसतो तो सहा पायांचा मंच स्टीवर्टच्या नावाने ओळखला जातो, त्याचा शोधनिबंध १९६५चा. पण त्याआधी, १९५४ च्या सुमारास, डनलॉपमध्ये एरिक गॉफने तशीच रचना टायर तपासायला उभारली होती. म्हणजे हे शास्त्र मुळातच दुसऱ्या कामाच्या वस्तूंमधून वाढलेलं आहे.

मी सहा पाय सोडून दिले. दोनच हालचाली ठरवल्या: पुढे-मागे कलणं आणि डावी-उजवीकडे कलणं. सीटच्या मधोमध खाली एक सांधा, मागच्या बाजूला दोन मोटरी. दोन्ही एकदम वर गेल्या की सीट पुढे कलते, एकदम खाली आल्या की मागे. एक वर, एक खाली, की बाजूला. सगळी अक्कल मधल्या सांध्यात आहे. तिथे नुसता गोळीचा बॉल जॉइंट लावला तर सीट कलेलच, पण उभ्या अक्षाभोवती गरगर फिरायलाही मोकळी राहील. म्हणजे दोन दिशांना सोडणारा आणि तिसरीला अडवणारा सांधा हवा. तो इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना असलेल्या गाडीखाली असतो: प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागे जोर नेणाऱ्या लांब दांड्याचा, अधिकच्या खुणेसारखा क्रॉस.

मारुती ओम्नी म्हणूनच शोधली. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि जोर मागच्या चाकांना, मध्ये लांब प्रोपेलर शाफ्ट. पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडीत तेव्हा भंगाराची गोदामं होती (२०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली बांधकामं पाडली). एका गोदामात शाफ्टांचा ढीगच होता. मालक म्हणाले, “ताई, वजनावर घेणार की नगावर?” वजनावर स्वस्त पडतं, पण मग निवडू देत नाहीत. मी नगावर घेतला, कारण मला निवडायचंच होतं.

क्रॉस कसा निवडायचा हे सांगते, कारण सगळ्या कामात हा भाग मला सगळ्यात आवडला. दोन्ही हातांत दोन्ही यॉक (क्रॉसला दोन्हीकडून धरणारे दुबेळके) धरायचे आणि उलटसुलट पिळायचं. खट् झालं तर प्ले, म्हणजे ढिलाई आहे, ठेवून द्यायचा. प्ले नसेल तर एक बाजू स्थिर धरून दुसरी अगदी सावकाश कलवायची. शाफ्टचं सगळं आयुष्य जवळजवळ सरळ रेषेत जातं. त्यामुळे क्रॉसची टोकं ज्यांत बसतात त्या कपांच्या आतल्या, बेअरिंगच्या सुयांच्या खाचा क्रॉसवर बरोबर मधल्या जागी पडतात, आणि सरळ स्थितीत येताच बारीक खटका लागतो. गाडीत हा खटका कोणाला जाणवत नाही. सीटला मात्र तो घातक. कारण सीटचा विसावाही बरोबर मधेच आहे, आणि हळू हालचाल तिथेच अडखळणार. ढिगातल्या बहुतेकांना खटका होता. शेवटी मी यॉक चांगले असलेला शाफ्ट घेतला आणि क्रॉसचा नवा किट भवानी पेठेतून आणला. सर्क्लिप काढून, व्हाइसमध्ये सॉकेट लावून जुने कप बाहेर दाबले. आतल्या सुया गंजून लाल झाल्या होत्या. नवा क्रॉस बसवून ग्रीस निप्पलमधून ग्रीस मारलं, चारही कपांच्या कडेने ते डोकावलं तेव्हा थांबले. मग सांधा हातात घेऊन कलवला. कुठेही अडखळ नाही, कुठेही ढिलाई नाही. ज्या सांध्याने इंजिनाचा जोर आणि खड्ड्यांचे हादरे पेलायचे, त्याच्यासाठी माझं वजन म्हणजे विश्रांती आहे.

सीट टाटा इंडिकाची. १९९८ची ही गाडी पिंपरीतली, त्यामुळे आमच्याकडच्या भंगारात तिला तोटा नाही. ड्रायव्हरची सीट घेऊ नका. रोज चढउतार होऊन तिची दाराकडची कड बसलेली असते आणि फोम एका बाजूला दबतो. डावीकडची सीट घ्या, ती बहुतेक वेळा कमी वापरलेली असते. रेल्वे रुळांसारखे खालचे दोन रेल आणि त्यांचे चार बोल्ट सीटबरोबरच मागून घ्या, नाहीतर नंतर तसे बोल्ट शोधत बसावं लागतं. आणि नव्या गाड्यांच्या सीटला हात लावण्याआधी कडेला पिवळा कनेक्टर आहे का बघा. पिवळा म्हणजे सीटमधली एअरबॅग. तिच्यात स्फोटक असतं, ती घरी आणायची वस्तू नाही. जुन्या इंडिकाच्या सीटमध्ये असलं काही नसतं. आणखी एक, भंगारवाल्याकडून साधी का होईना पावती घ्या. चोरीच्या गाडीचे भागही याच वाटेने फिरतात.

मोटरी दोन, एकाच जातीच्या, १२ व्होल्टच्या, छोट्या टेम्पोच्या वायपरच्या. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जमिनीवर अशा मोटरी मांडलेल्या असतात. बस-ट्रकच्या २४ व्होल्टच्या मोटरींची ताकद जास्त असते, पण त्यांना वेगळी वीज लागते. व्होल्ट मोटरच्या अंगावरच कोरलेले असतात. वायपरची मोटर निवडायचं कारण तिचा गीअर. आत स्टीलचा वर्म (आट्यांचा दांडा) आणि नायलॉनचं चक्र. मोटर चक्राला फिरवते, पण चक्राने मोटर सहसा फिरत नाही. त्यामुळे वीज गेली तरी सीट आहे तिथेच राहते, धाडकन पडत नाही. मोटरीबरोबर तिचा मूळ क्रँकही (शाफ्टवर बसणारा आखूड दांडा) मागून घेतला. मोटरच्या शाफ्टचं टोक दातेरी आणि निमुळतं असतं, त्यावर बरोबर बसणारा क्रँक लेथवर नव्याने करायचा तर फार काम आहे. कंपनीचा क्रँक त्या दातांत असा बसतो की नट आवळल्यावर पुन्हा काढायला पुलर लागतो.

क्रँकपासून सीटच्या फ्रेमपर्यंतचा दुवा म्हणून सस्पेन्शनची लिंक रॉड लावली. तिच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असतात, वर रबरी टोपी, आत ग्रीस. बाहेरून विकतचे रॉड एंड घेतले तर काही दिवसांत खडखडायला लागतात असा अनेकांचा अनुभव आहे. लिंक रॉड मात्र पावसात, चिखलात, खड्ड्यांत वर्षानुवर्षं चालण्यासाठीच घडवलेली असते.

फ्रेमचं काम वेल्डिंगवाल्या काकांकडे झालं. ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोनी पाइप. इथे एक निर्णय महत्त्वाचा होता. बरेच जण फक्त सीट हलवतात आणि पेडल जमिनीवर ठेवतात. मला ते पटलं नाही. ब्रेक जोरात दाबला की पाय पेडलला पुढे ढकलतो आणि पाठ सीटला मागे ढकलते. पेडल जमिनीवर असेल तर हा सगळा जोर मोटरींवर येतो, आणि सीट कलताच पाय आणि पेडल यांतलं अंतरही बदलतं. पेडल आणि स्टिअरिंग दोन्ही हलत्या फ्रेमवरच घेतले, की पाय आणि पाठ यांचा जोर फ्रेमच्या आतल्या आत मिटतो. मोटरीला फक्त कलवण्याचं काम उरतं.

मग तोल. क्रॉस नेमका कुठे लावायचा हे कागदावर काढता येतं, पण माणूस बसल्यावर त्याचा गुरुत्वमध्य कुठे येतो ते ज्याच्या त्याच्या अंगावर आहे. काकांनी फ्रेमखाली एक गोल सळई आडवी टाकली आणि मला वर बसवलं. हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर. ते सळई बोटबोट सरकवत होते. “ताई, श्वास सोडा आणि हलू नका.” एका जागी फ्रेम पुढेही जाईना, मागेही जाईना. तिथे खडूने रेघ मारली. ती रेघ माझ्या बेंबीच्या किंचित पुढे आली. सांधा गुरुत्वमध्याच्या खाली असल्यामुळे सीट जितकी जास्त कलेल तितका मोटरीवर भार वाढतो, हे खरंच. पण मधल्या स्थितीत मोटरीला काही पेलावं लागत नाही, आणि छोट्या मोटरींवर एवढं सगळं चालण्याचं हेच कारण आहे. काकांनी आधी चारही कोपऱ्यांना नुसते टॅक (वेल्डिंगचे ठिपके) मारले, दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत याची खात्री केली, मगच पूर्ण वेल्डिंग घेतलं, तेही एकदा या कोपऱ्याला, एकदा समोरच्या. एका बाजूने सलग मारलं असतं तर उष्णतेने फ्रेम पिळली असती.

मोजमापं अशी: क्रँक ४० मिलिमीटरचा. लिंक रॉड सांध्यापासून ३० सेंटिमीटर मागे, आणि मध्यापासून २० सेंटिमीटर दोन्ही बाजूंना. क्रँक मधल्या स्थितीपासून दोन्हीकडे ७० अंशांपर्यंतच फिरवायचा. त्यातून सीट पुढे-मागे साधारण ७ अंश आणि बाजूंना १० अंश कलते. आकडे लहान वाटतात. बसल्यावर वाटत नाहीत.

आता विजेचा भाग, आणि यात एक जागा अशी आहे की जी जाणून न घेता कोणी वीज जोडू नये. गाडीत बहुतेक वस्तूंचा निगेटिव्ह बॉडीतून जातो. वायपरच्या मोटरीचंही तसंच असतं, एक ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारा तुकडा) आतून मोटरीच्या धातूच्या अंगाला जोडलेला. गाडीत मोटर एकाच दिशेने फिरते, म्हणून चालून जातं. सीटला मात्र ती उलटसुलट फिरवावी लागते, म्हणजे तिची दोन्ही टोकं आळीपाळीने पॉझिटिव्ह होतात. दोन मोटरी एकाच लोखंडी फ्रेमवर असतील आणि एकीचं अंग १२ व्होल्टवर, दुसरीचं शून्यावर गेलं, तर फ्रेममधूनच शॉर्ट. मल्टिमीटरचं एक टोक वायरीला आणि एक मोटरीच्या अंगाला लावून बघा. बीप वाजला तर तुमची मोटर या जातीची आहे.

हायलमची (वीज न वाहणारी) शीट आणि नायलॉनचे बुश घालून मोटर फ्रेमपासून वेगळी करता येते. पण मोटरीचा शाफ्ट तिच्या अंगातच फिरतो, शाफ्टवर क्रँक, क्रँकला लिंक रॉड, ती पुन्हा फ्रेमला. त्या वाटेवर मला भरवसा ठेवायचा नव्हता. म्हणून मोटरीच उघडल्या. मागची टोपी काढली की ब्रशची पितळी पट्टी अंगाला कुठे जोडली आहे ते दिसतं. ती सोडवली, तिला जाड वायर झाळली, टोपीला भोक पाडून रबरी ग्रॉमेटमधून वायर बाहेर आणली. पुन्हा मल्टिमीटर लावला, आवाज नाही. उघडलंच आहे तर गीअरवरचं जुनं, घट्ट झालेलं ग्रीस पुसून नवं लिथियम ग्रीस भरलं. वायपरच्या मोटरीत तीन ब्रश असतात. तिसरा थोडा तिरका बसवलेला असतो, तो जोरात फिरण्यासाठी. त्यावर मोटर दोन दिशांना सारख्या वेगाने फिरत नाही, म्हणून तो सोडून द्यायचा आणि समोरासमोरचे दोनच वापरायचे.

वीज सर्व्हरमधून काढलेल्या १२ व्होल्टच्या पॉवर सप्लायमधून घेतली. बऱ्याच गाड्यांत वायपरच्या फ्यूजवर १५ नाहीतर २० अँपिअर लिहिलेलं असतं, त्यावरून किती लागेल याचा अंदाज येतो. फ्यूज, रिले आणि जाड वायरी इंडिकाच्याच हार्नेसमधल्या. निळा फ्यूज १५चा, पिवळा २०चा, हे रंग सगळ्या गाड्यांत तेच. मोटरीला दोन्ही दिशांना फिरवायला प्रत्येकी एक बीटीएस७९६०चा ड्रायव्हर (मोटरीची वीज सांभाळणारं सर्किट) आणि दोघांवर एक आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चढवता येणारा छोटा बोर्ड). हे पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतं. आर्डुइनोवर एसएमसी३ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चढवला. तो एकावेळी तीन मोटरी सांभाळतो.

मोटर आत्ता कुठे आहे हे आर्डुइनोला कळायला क्रँकच्या नटाला एक पॉट (पोटेन्शिओमीटर, दांडी फिरवली की रोध बदलणारा भाग) जोडला, १० किलोओहमचा. नटावर टर्नरकडून करून घेतलेली पितळी खुंटी, आणि खुंटी ते पॉट बाइकच्या पेट्रोल नळीचा बोटभर तुकडा. शाफ्ट आणि पॉट केसभर इकडेतिकडे असले तरी नळी ते पोटात घेते, पॉटची दांडी तुटत नाही. क्रँक पूर्ण फेरा मारतच नाही, त्यामुळे पॉट धरणारी पट्टी मागच्या बाजूने आणायला जागा मिळते. आर्डुइनो पॉटचा व्होल्टेज ० ते १०२३ असा वाचतो. मध्य ५१२ वर यावा असा पॉट फिरवून घट्ट केला.

मोटरीच्या वायरी आणि पॉटच्या वायरी एकत्र बांधू नयेत. मोटरीत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते, तिचा गोंधळ पॉटच्या वायरीत उतरतो आणि सीट जागच्या जागी थरथरते. पॉटला शील्डची वायर आणि आर्डुइनोच्या पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्याने रेषा स्वच्छ झाली.

माणूस बसवण्याआधी रिकाम्या सीटवर सुरक्षा तपासली. ही पायरी कोणी गाळू नये असं मला मनापासून वाटतं. उजव्या हाताशी लाल मश्रूम स्विच, तो रिलेमार्फत १२ व्होल्टची लाइनच तोडतो, संगणकावर अवलंबून राहत नाही. मग मोटर चालू असताना पॉटची वायर मुद्दाम उपटली. पॉट तुटला की वाचन एकदम टोकाला जातं, आणि मोटरीला वाटतं आपण फार चुकीच्या जागी आहोत, ती वेड्यासारखी धावते. एसएमसी३मध्ये मर्यादा घालता येतात, वाचन त्यांच्या बाहेर गेलं की मोटर बंद. वायर उपटली, मोटर थांबली. दुसरीवरही तेच करून पाहिलं. सीटखालच्या सगळ्या फटींना जाड रबर लावलं, कारण घरात भाचरं येतात आणि त्यांची बोटं कुठेही जातात.

यानंतरचं काम नुसत्या आकड्यांचं, पण सीट जिवंत होते ती इथे. संगणकावर दोन रेषा दिसतात. एक सीटने कुठे असायला हवं ती, दुसरी सीट खरोखर कुठे आहे ती. एसएमसी३मधला केपी हा आकडा वाढवला की दुसरी रेषा पहिलीच्या मागे जोरात धावते. फार वाढवला की ती ओलांडून पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे. केडी वाढवला की तो उतावळेपणा शमतो. रिकाम्या सीटवर सुरेख जुळलेले आकडे मी बसल्यावर मऊ पडले, म्हणून जुळवणी कायम माणूस बसवूनच करायची. एका बाजूला रेषा बघायची आणि दुसऱ्या बाजूला पाठीने ऐकायचं. रेषा दिसायला सुंदर असूनही पाठीला बारीक कंप जाणवतो, अशा वेळी मी पाठीचं मानलं.

खेळाची माहिती सीटपर्यंत आणायला सिमटूल्स नावाचा प्रोग्रॅम वापरला. ‘डर्ट रॅली २.०’ या खेळात हार्डवेअर सेटिंगच्या फाइलमध्ये यूडीपी (आकडे बाहेर पाठवायची सोय) चालू करून एक्स्ट्राडेटा ३ करावा लागतो, पोर्ट २०७७७. मग गाडीचं कलणं, पुढचा-मागचा जोर, बाजूचा जोर, सगळे आकडे बाहेर येतात. कोणता आकडा सीटच्या कोणत्या हालचालीत किती मिसळायचा ते आपण ठरवायचं. दिशा इथेच ठरते. वेग वाढला की सीट मागे कलायला हवी, ब्रेकला पुढे. डावीकडे वळताना अंग उजवीकडे फेकलं जातं, म्हणून सीट उजवीकडे कलायला हवी. ही एक खूण उलटी ठेवून पाहिली तर काही मिनिटांत मळमळायला लागतं. डोळे एक सांगतात आणि कान दुसरं, आणि पोट मध्ये सापडतं.

सगळं जोडून पहिल्यांदा मातीच्या रस्त्यावर गाडी सोडली तेव्हा मी वेगाकडे लक्षच दिलं नाही. लक्ष होतं ब्रेककडे. वळणाआधी ब्रेक दाबला, सीट पुढे कलली, छातीचं वजन हातांवर आलं. आणि पाय आपोआप थोडा सैल झाला. मी ठरवून केलं नव्हतं. हातांवर आलेल्या वजनाने सांगितलं, आता जास्त झालं. त्यानंतर एका उंचवट्यावरून गाडी हवेत गेली, सीट हलकी मागे आली, आणि जमिनीला टेकताना खालून थाप बसली. मातीतले बारीक खडेही कळत होते. पण मागची चाकं सुटताना कमरेला जे व्हायला हवं ते अर्धवटच होतं. ते खरं तर गाडीचं उभ्या अक्षाभोवती फिरणं आहे, आणि तीच हालचाल मी क्रॉस लावून अडवली आहे. बाजूच्या जोराचं प्रमाण वाढवून त्याची थोडी भरपाई होते. पूर्ण होत नाही.

बाबांना बसवलं. त्यांनी आयुष्यभर गाडी चालवली आहे, खेळ कधी खेळलेले नाहीत. दोन वळणं घेऊन ते म्हणाले, “ब्रेक खरा वाटतो गं. पण गाडी इतकी डोलते का? अशी गाडी आधी शॉकअबला नेली असती मी.” ते ऐकून मी सगळी प्रमाणं खाली आणली. हौसेने आपण प्रत्येक हालचाल मोठी ठेवतो, कारण ती दिसावी असं वाटतं. खऱ्या गाडीत अंगाला जाणवतं ते बहुतेक बारीकच असतं. विमानांच्या सिम्युलेटरमध्येही हेच तत्त्व आहे: मोठं कलणं इतकं सावकाश करतात, सेकंदाला तीनेक अंश, की कानातल्या नलिकांना ते फिरणं कळू नये आणि जोर तेवढा जाणवावा. रॅलीत सगळंच इतकं झटपट घडतं की ते तंतोतंत पाळता येत नाही. तरी मी आकड्यांमधला हळू बदलणारा भाग आणि झटक्याचा भाग वेगळे केले. लांब ब्रेकला सीट सावकाश कलून राहते, खड्ड्याला टचकन उत्तर देऊन मध्यावर परतते. बाबा पुन्हा बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

सीट दीड हजाराची, मोटरींची जोडी बाराशेची. ड्रायव्हर, आर्डुइनो, पॉवर सप्लाय आणि नवा क्रॉस यांचा खर्च त्याहून जास्त झाला, आणि काकांची मजुरी वेगळी. आवाज आहे, वर्म गीअर कुरकुरतो, रात्री खालच्या मजल्यावर ऐकू जातो म्हणून पायांखाली इंजिन माउंटिंगची जुनी रबरं लावली आहेत.

सध्या पट्ट्याचं काम चालू आहे. सात अंशांच्या कलण्यात ब्रेकचा जोर जेवढा यायचा तेवढा आला, त्यापुढचा पट्ट्यानेच येईल. ब्रेक लागला की मोटरीने पट्टा मागून ओढायचा, म्हणजे खांद्यांवर तो आवळेल. पट्टाही जुन्याच गाडीचा घेतला आहे, स्फोटक प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा खेचणारा भाग) नसलेला, तेही आधी तपासून. एसएमसी३मध्ये तिसऱ्या मोटरीची जागा रिकामीच आहे. पॉवर विंडोची मोटर आटोपशीर, पण ताकद पुरेल का ही शंका, आणि वायपरची ताकदवान, पण पट्टा सोडताना मागे पडते. वर्म गीअर दोन्हींत असतो, त्यामुळे पट्टा स्वतःहून मोटरीला मागे फिरवू शकत नाही, तिलाच उलटं फिरून तो सोडावा लागतो, आणि ब्रेकवरून पाय काढल्यावर पट्टा उशिरा सुटला तर सगळं खोटं वाटेल. दोन्ही मोटरी आणून ठेवल्या आहेत. आधी विंडोची लावून बघणार आहे.